आग विझवायची कुणी आणि पैसे द्यायचे कुणी? इंदूरची फायर ब्रिगेड, नगर निगम आणि स्वयंसेवक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डाच्या बैठकीत, रहवासी संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा गणपतीच्या मंडपात आगीचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. गाडी उशिरा का येते, एवढा कर भरतो तो जातो कुठे, आपल्या पोरांनाच शिकवून तयार का करत नाही? त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

इंदूरची फायर ब्रिगेड नक्की कुणाची?

मध्य प्रदेशात बहुतेक शहरांत दमकल, म्हणजे अग्निशमन दल, नगर निगमची (महापालिकेची) किंवा नगरपालिकेची असते. इंदूरचं तसं नाही. इथली फायर ब्रिगेड वाढली ती पोलिस खात्यात. पोलिसांची स्वतःची फायर सेवा राज्यात मोजक्या ठिकाणी उभी राहिली: इंदूर, पीथमपूर आणि भोपाळचं मंत्रालय. मोती तबेल्याच्या स्टेशनात सब-इन्स्पेक्टर आणि हवालदार अशा हुद्द्यांची माणसं आग विझवताना दिसत आली, ती याच कारणाने. त्यांचा पगार, बदल्या, बढत्या गृहखात्यातून होतात.

आता दुसरी बाजू. आग विझवायला पाणी लागतं, ते निगमचं. पाण्याच्या टाक्या, हायड्रंट (बंबाला पाणी भरायचे रस्त्यावरचे नळ), टँकर निगमचे. गाडी ज्या रस्त्याने जाणार तो रस्ता आणि त्यावरचं अतिक्रमण हटवण्याची जबाबदारीही निगमचीच. इमारतीचा नकाशा निगम मंजूर करतं आणि फायर एनओसीची, म्हणजे आगीच्या दृष्टीने इमारत सुरक्षित असल्याच्या ना-हरकत दाखल्याची, फाइलही तिकडेच फिरते. म्हणजे आग लागू नये यासाठीचे अधिकार एका खात्याकडे आणि लागलेली आग विझवण्याचं काम दुसऱ्याकडे. ही सेवा निगमकडे सोपवावी का, हा विषय इंदुरात वर्षानुवर्षं चघळला गेला आहे. प्रत्येक मोठ्या आगीनंतर तो वर येतो आणि महिनाभरात खाली बसतो.

मग भांडण नक्की कशावरून होतं?

वरवर पाहिलं तर गाड्यांवरून. आत पाहिलं तर तीन गोष्टींवरून.

पहिली गोष्ट माणसांची. पोलिस फायरमधल्या माणसाने वर्दी, हुद्दा, पोलिसाची वेतनश्रेणी आणि पेन्शन गृहीत धरून नोकरी पत्करलेली असते. उद्या त्याला निगमचा कर्मचारी केलं तर त्याची ज्येष्ठता कुठे धरायची, बढती कोण देणार, हे प्रश्न त्याच्या घरच्या चुलीशी जोडलेले आहेत. त्याला विरोधक म्हणणं अन्यायाचं आहे. तो फक्त लेखी हमी मागतो.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. स्टेशनची जागा कुणाच्या नावावर, गाडी कुणाच्या खात्यातून घेतली, तिचा डिझेल आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मसारखं उंच शिडीचं वाहन काही कोटींचं असतं. ते घेणं एकवेळ सोपं, पण दरवर्षी त्याची तपासणी, ऑइल, टायर आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस हा न संपणारा खर्च आहे. प्रत्येक खात्याला खरेदीचा फोटो हवा असतो, देखभालीचं बिल कुणालाच नको असतं.

तिसरी गोष्ट जाबाची. बळी गेले की विचारायचं कुणाला? एनओसी देणारा म्हणतो, आग विझवणं आमचं काम नाही. विझवणारा म्हणतो, इमारतीला दुसरा जिना नव्हता हे आम्हाला आत गेल्यावर कळलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, आणि सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, बारावी अनुसूची आली. शहरी संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांच्या त्या यादीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. ‘सोपवता येतील’ म्हटलंय, ‘सोपवलेच पाहिजेत’ असं नाही. किती अधिकार द्यायचे, सोबत माणसं आणि पैसा द्यायचा की नाही, हे राज्य ठरवतं. अग्निशमन हा मुळात राज्याचाच विषय आहे. केंद्राने १६ सप्टेंबर २०१९ रोजी राज्यांना आदर्श कायद्याचा मसुदा पाठवला, पण तोही सल्लाच.

माझं मत विचाराल तर सेवा कुणाचीही असो, मालक एक हवा. एका स्वयंपाकघरात दोन कारभारणी असल्या की दूध उतू जातं, तसं इथे होऊन चालणार नाही. निगमकडे द्यायची असेल तर माणसांच्या हमीसह आणि पैशांसह द्या. पोलिसांकडे ठेवायची असेल तर एनओसीची तपासणी त्यांच्या सहीशिवाय पूर्ण होणार नाही अशी तरतूद करा.

फायर सेवेसाठी पैसे येतात कुठून?

तीन खिशांतून.

एक खिसा राज्याचा. पोलिस फायरचा पगार गृहखात्याच्या अंदाजपत्रकातून.

दुसरा खिसा निगमचा. त्यात संपत्ती कर, बांधकाम परवानगीची फी आणि राज्याकडून मिळणारी चुंगी क्षतिपूर्ती असते. मध्य प्रदेशात चुंगी, म्हणजे जकात, १९७६ मध्ये बंद झाली. तिच्या बदल्यात राज्य शहरांना रक्कम देतं आणि त्यातून वीजबिलासारखी देणी कापून घेतली जातात. रक्कम कमी आली की निगम आधी पगार आणि सफाई सांभाळतं. फायरचा खर्च मागे पडतो, कारण न लागलेली आग कुणाला दिसत नाही.

तिसरा खिसा केंद्राचा. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना झाली, ती जुलै २०२३ मध्ये सुरू केली गेली. यातले ५०० कोटी कायदेशीर आणि रचनात्मक सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखले आहेत. मध्य प्रदेशासारख्या राज्याला आपला २५ टक्के हिस्सा घालावा लागतो. हा पैसा राज्यामार्फत येतो. मग शहरात सेवा दोन खात्यांत वाटलेली असेल तर प्रस्ताव कोण पाठवणार आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर सही कोण करणार? पार्षदांनी (नगरसेवकांनी) एमआयसीत, म्हणजे महापौरांच्या परिषदेत, हा प्रश्न लावून धरायला हवा.

त्याआधी १३ व्या वित्त आयोगाने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांना एक अट घातली होती: आगीच्या धोक्याचा आणि प्रतिसादाचा आराखडा तयार करून तो अधिसूचित करा, तरच कामगिरीवर आधारित अनुदान मिळेल. इंदूर त्या शहरांत मोडतं. आराखडा म्हणजे कागदाचा गठ्ठा नव्हे. कुठल्या गल्लीत कुठली गाडी जाते, पाणी कुठून भरायचं, हे त्यात असायला हवं. आपल्या वॉर्डाचं पान काढून बघण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

संपत्ती करात फायरचे पैसे आलेच ना?

कर एकत्र जमा होतो आणि अंदाजपत्रकात वाटला जातो. त्यामुळे ‘आलेच असतील’ असं धरून चालू नका. निगमच्या बजेटमध्ये फायरचं शीर्षक शोधा, तरतूद किती आणि गेल्या वर्षी खरा खर्च किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तरतूद मोठी आणि खर्च तुटपुंजा असेल तर दुखणं पैशाच्या कमतरतेचं नाही, निर्णयाचं आहे.

इंदूरएवढ्या शहराला किती गाड्या लागतात?

स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार शहरात गाडी ५ ते ७ मिनिटांत पोचली पाहिजे, दर १० चौरस किलोमीटरला एक स्टेशन हवं. गाड्यांचं गणित असं: पहिल्या तीन लाख लोकवस्तीपर्यंत दर ५० हजारांना एक बंब, पुढे दर लाखाला एक. २०११ च्या जनगणनेत इंदूर निगम हद्दीची लोकसंख्या साधारण १९.६ लाख होती. पहिल्या तीन लाखांचे सहा, उरलेल्या साडेसोळा लाखांचे सोळा-सतरा, म्हणजे बावीस-तेवीस बंब. तेही चालू स्थितीत, ड्रायव्हर आणि पूर्ण तुकडीसह. त्यानंतर २०१४ मध्ये आजूबाजूची २९ गावं हद्दीत आली, बायपासच्या पलीकडे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. आजचा आकडा यापेक्षा बराच मोठा असणार, हे सांगायला जनगणना लागत नाही.

फक्त इंदूरलाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. केंद्रीय गृहमंत्रालयासाठी २०१२ च्या सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत फायर स्टेशनांची तूट ९७.५४ टक्के, माणसांची ९६.२८ टक्के आणि गाड्यांची ८०.०४ टक्के निघाली होती. गाड्यांची तूट त्यातल्या त्यात कमी आहे, हे लक्षात घ्या. लोखंड विकत घेता येतं. माणूस भरती करावा लागतो, शिकवावा लागतो आणि महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागतो.

स्वयंसेवक अग्निशामक आपल्याकडे असतात का?

विलायतेत असतात तसे, स्वतःचं स्टेशन आणि स्वतःची गाडी असलेले, नाहीत. पण नागरिकांना या कामात आणण्याच्या वाटा आहेत. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखाली स्वयंसेवकांची नोंदणी होते, आग विझवणं आणि सुटका ही त्यांच्या प्रशिक्षणाची जुनी अंगं आहेत. हा कायदा युद्धकाळासाठी होता. २००९ च्या दुरुस्तीने त्यात आपत्ती व्यवस्थापनही आलं. ७ मे २०२५ रोजी देशभर मॉक ड्रिल झाली, तेव्हा मध्य प्रदेशातल्या पाच शहरांत इंदूर होतं. त्या संध्याकाळच्या ब्लॅकआउटनंतर ‘नाव कुठे नोंदवायचं’ असं विचारणारे तरुण मला बरेच भेटले.

याशिवाय होमगार्ड आहेत आणि त्यांच्याशी जोडलेलं राज्याचं आपत्ती दल, एसडीईआरएफ. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्हे, एक लाख स्वयंसेवक एवढी वाढवली गेली. तिचं प्रशिक्षण बारा दिवसांचं. आणि आपल्या ओळखीची नगर सुरक्षा समिती, जी गणपतीतल्या झाक्यांच्या (चित्ररथांच्या) मिरवणुकीत पोलिसांच्या जोडीला उभी असते. तिला आगीचं प्रशिक्षण दिलं तर प्रत्येक मोहल्ल्यात चार जाणती माणसं तयार होतील. माणसं आहेतच, शिकवायची कुणी एवढंच ठरायचं बाकी आहे.

परदेशात सगळं स्वयंसेवकांवर चालतं म्हणतात. मग इथे का नाही?

हा प्रश्न बहुतेक वेळा मुलगा किंवा मुलगी बाहेर असलेले काका-काकू विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. जर्मनीत जवळपास दहा लाख स्वयंसेवक अग्निशामक आहेत. अमेरिकेत अग्निशामकांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत. चिलीत तर ही सेवा स्वयंसेवकांचीच, वालपराईसोची तुकडी १८५१ पासूनची.

पण त्यामागची व्यवस्था बघा. जर्मनीत स्वयंसेवकाला कामावरून बोलावलं तर मालकाला त्याला सोडावं लागतं आणि त्या वेळच्या पगाराची भरपाई नगरपालिका करते. गाडी, स्टेशन, हेल्मेट, बूट, विमा हे सगळं सार्वजनिक पैशातून येतं. शिवाय मोठ्या शहरांत पगारी दल असतंच. स्वयंसेवकांचा भार मुख्यत्वे गावं आणि लहान शहरं वाहतात. इंदूर गाव राहिलेलं नाही.

आणि पैशाचं भांडण तिथेही सुटलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथली ग्रामीण अग्निसेवा राज्य चालवतं, गाड्या कुठे जाणार ते राज्य ठरवतं. पण १९९७ च्या कायद्याच्या ११९ व्या कलमानुसार त्या लाल गाड्यांची मालकी स्थानिक नगरपरिषदांकडे. परिषदा म्हणतात, आम्ही ही गाडी घेतली नाही, चालवत नाही, तिच्याबद्दल आम्हाला कुणी विचारतही नाही, मग तिचा घसारा आमच्या ताळेबंदात का? काही परिषदांनी त्या हिशेबात धरायलाच नकार दिला आणि लेखापरीक्षकांनी त्यांच्या हिशेबांवर शेरा मारला. तिथे सेवेच्या खर्चाची वाटणीही ठरलेली आहे: ७३.७ टक्के विमा कंपन्या, १४.६ टक्के राज्य आणि ११.७ टक्के नगरपरिषदा. एवढी दशांशापर्यंत वाटणी असूनही भांडण होतं. आपल्याकडे तर वाटणीच लिहिलेली नाही.

शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१६ मध्ये पगारी अग्निशामकांची संघटना आणि स्वयंसेवक यांच्यातल्या वादात खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला आणि स्वयंसेवकांच्या संस्थेचं मंडळ सरकारने बरखास्त केलं. शेवटी १ जुलै २०२० रोजी पगारी दल वेगळं झालं. १ जुलै २०२५ पासून तिथे आपत्कालीन सेवांसाठी नवा, वाढीव कर आला. त्याचं नाव स्वयंसेवकांच्या निधीचं, पण मोर्च्यात सर्वात पुढे स्वयंसेवकच होते, कारण त्यांच्यातले कितीतरी जण शेतकरी आहेत आणि जमिनीवरचा कर त्यांनाच लागतो. वसुली मात्र नगरपरिषदांच्या बिलातून, त्यामुळे शिव्या परिषदांच्या वाट्याला.

स्वयंसेवक नेमले तर निगमचा खर्च वाचेल ना?

हा सगळ्यात धोक्याचा प्रश्न आहे.

स्वयंसेवक पगार घेत नाही, पण फुकट नसतो. त्याला प्रशिक्षण लागतं, ते दरवर्षी उजळावं लागतं. आत शिरणाऱ्याला श्वसनयंत्र लागतं, अग्निरोधक कोट, हातमोजे, बूट लागतात. विमा लागतो. हे न देता कुणाला आगीकडे पाठवणं म्हणजे त्याच्या आईवडिलांचा विश्वासघात करणं होय.

त्याहून मोठी भीती वेगळी आहे. एकदा ‘आमच्याकडे इतके स्वयंसेवक आहेत’ असा आकडा फाइलीत आला की फायरमनच्या रिकाम्या जागा भरण्याची घाई उरत नाही. होमगार्डच्या बाबतीत आपण हे पाहिलेलं आहे: मदतीला म्हणून आणलेला माणूस हळूहळू कायमच्या माणसाच्या जागी उभा केला जातो, अर्ध्या हक्कांवर. म्हणून मोहल्ल्यातल्या स्वयंसेवक योजनेला माझा मनापासून पाठिंबा आहे, पण एका अटीवर. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे त्याच ठरावात छापलेलं असावं आणि स्वयंसेवकांची संख्या त्या पदांत कधीही मोजली जाणार नाही असं एक वाक्य असावं. ते वाक्य घालायला कुणी कां-कूं करत असेल तर योजना कशासाठी आहे ते समजून घ्या.

स्वयंसेवकाने काय करायचं आणि काय नाही?

गाडी येईपर्यंतची पाच-सात मिनिटं त्याची. त्या वेळात मीटरचा मेन स्विच पाडणं, गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, शेजाऱ्यांची दारं ठोठावून सगळ्यांना खाली आणणं, कोण वर राहिलंय त्याची नावं लिहून ठेवणं, गल्लीच्या तोंडाशी उभ्या स्कूटर आणि कार हलवायला लावणं. शेवटचं काम सर्वात किरकोळ वाटतं आणि सर्वात जास्त जीव तेच वाचवतं.

धुरात शिरायचं नाही. ७ मे २०२२ च्या पहाटे स्वर्णबाग कॉलनीतल्या इमारतीत पार्किंगमधल्या गाडीला लावलेली आग पसरली आणि ७ जण गेले. खालून वर चढणारी आग आणि धूर बाहेर पडायची वाटच अडवतात. तोंडाला ओला रुमाल बांधून आत धावणारा माणूस काही श्वासांत कोसळू शकतो, आणि मग फायरवाल्यांना दोन माणसं बाहेर काढावी लागतात. जिना धुराने भरला असेल तर वरच्यांनी खोलीचं दार लावून फटींत ओली चादर कोंबावी आणि खिडकीशी किंवा गॅलरीत येऊन आवाज द्यावा.

पटेल नगरच्या बावडीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ३० मार्च २०२३, रामनवमी. विहिरीवरचा स्लॅब कोसळून ३६ लोक गेले. आसपासच्या लोकांनी दोर घेऊन धाव घेतली, पुढे एसडीईआरएफ आणि महूहून लष्कर आलं. माया आणि धाडस इंदुरात भरपूर आहे, त्या दिवशी ते दिसलं. हार्नेस, पंप, ऑक्सिजन आणि त्या खोलीत उतरण्याचा सराव मात्र नुसत्या मायेने येत नाही.

मदत करताना स्वयंसेवक जखमी झाला तर?

नोंदणीकृत असेल तर त्याच्या मागे योजना उभी असते. आपदा मित्रांसाठी समूह विमा आणि साहित्याचा संच अशी तरतूद आहे. रहवासी संघाने हौसेने तयार केलेल्या गटाला असं काहीच संरक्षण नसतं. म्हणून गट करायचाच असेल तर आधी जिल्हा होमगार्ड किंवा नागरी संरक्षण कार्यालयात नावं नोंदवा, मग टी-शर्ट छापा.

सराफा आणि जुन्या बाजाराचं काय?

रात्री दहाला सराफ्यात उभं राहून बघा. सोन्याच्या दुकानांची शटर खाली आणि त्यांच्या ओट्यांवर कढया. एका बाजूला भुट्ट्याचा किस परततोय, दुसऱ्या बाजूला जिलेबीचं तेल तापलंय, पायाशी १९ किलोचा सिलिंडर, त्याची रबरी नळी गर्दीच्या पायांतून गेलेली, वर विजेच्या तारांचं जाळं. सराफ्यावर आमचं सगळ्यांचं प्रेम आहे. पाहुणा आला की पहिलं तिथेच नेतो. म्हणूनच हे बोललं पाहिजे. मोठा बंब त्या गर्दीत आत येऊ शकत नाही. तिथे लागतात लहान गाड्या, ठरलेल्या ठिकाणी पाण्याचा पॉइंट आणि प्रत्येक दुकानदाराच्या हाताशी भरलेलं अग्निशामक नळकांडं. हीच गोष्ट राणीपुऱ्याची, जिथे एप्रिल २०१७ मध्ये फटाक्यांच्या दुकानाच्या आगीत माणसं गेली, आणि एम. टी. क्लॉथ मार्केटची, जिथे कापडाचे गठ्ठे छतापर्यंत असतात.

जुन्या शहराला आगीची आठवण आहे. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. तो १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा जळला आहे.

अशा बाजारात व्यापारी संघाचे स्वयंसेवक खरोखर उपयोगी पडतात, कारण कुठल्या दुकानामागे कुठलं गोदाम आहे ते त्यांनाच माहीत असतं. निगमने त्यांना नकाशा करायला बसवावं आणि तो नकाशा फायर ब्रिगेडच्या गाडीत असावा.

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी उपकरणं आहेत. तेवढं पुरे ना?

जाऊन उघडून बघा. एका सोसायटीत मी होज बॉक्सचं, म्हणजे आगीचा पाइप ठेवायच्या पेटीचं, दार ओढलं तर आत झाडू आणि फिनाइलची बाटली होती. पाइप होता, पण नोझल नव्हतं. पितळी नोझल भंगारात विकलं जातं, म्हणून चोरीला जातं. लाल पाइपातून गच्चीपर्यंत पाणी चढायला हवं, तर पंपाचा स्विच ‘ऑफ’ करून ठेवलेला, वीजबिल येतं म्हणून.

नळकांड्याच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनला सील आहे का, तपासणीची तारीख कधीची, एवढं तर कुणीही बघू शकतं. वापरायची रीत: पिन ओढा, नळी ज्वाळेच्या मुळाशी रोखा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. पाठ नेहमी दाराकडे. पावडर काही सेकंदांत संपते, तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पडा.

महिला आणि ज्येष्ठ स्वयंसेवक होऊ शकतात?

जरूर. दुपारच्या वेळी मोहल्ल्यात तेच तर असतात. कुठल्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत आणि कुठल्या घरी ऑक्सिजन सिलिंडर आहे, ही यादी काकूंइतकी नीट कुणी ठेवत नाही.

सिंहस्थाचा इंदूरवर ताण येईल का?

येणारच. २०२८ चा सिंहस्थ उज्जैनला असला तरी इंदूरची माणसं आणि गाड्या तिकडे जाणार. त्या काळात इंदूरसाठी राखीव काय उरेल, हे आत्ता विचारायला हवं. २०२८ च्या उन्हाळ्यात विचारून उपयोग नाही, आणि आगी सर्वांत जास्त लागतात त्या उन्हाळ्यातच.

पार्षदाला आणि निगमला नेमकं काय विचारायचं?

‘फायर ब्रिगेड सुधारा’ म्हटलं की ‘हो, करतो’ एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. आपल्या वॉर्डाला सर्वात जवळचं स्टेशन कुठलं आणि तिथे रात्रीच्या पाळीला किती माणसं असतात? वॉर्डातले हायड्रंट कुठे आहेत आणि त्यातले चालू किती? निगमच्या टँकरला ६३ मिलिमीटरचं कपलिंग बसवलंय का, म्हणजे बंबाचा पाइप थेट जोडता येईल? बंब आणि टँकर शेजारी उभे असून जोडणी जमली नाही तर पाणी असून नसल्यासारखं. गेल्या वर्षी किती इमारतींची तपासणी झाली आणि नोटिशीनंतर पुढे काय झालं?

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सेवा दोन खात्यांत विभागलेली असल्यामुळे एकच प्रश्न दोन्हीकडे पाठवा आणि उत्तरं जुळतात का ते बघा. बंद हायड्रंट किंवा अडलेली गल्ली असेल तर इंदूर ३११ अ‍ॅपवर फोटोसह तक्रार टाका, हलली नाही तर सीएम हेल्पलाइन १८१.

आग लागल्यावर फोनवर काय सांगायचं?

१०१ किंवा ११२. आधी जागा सांगा, नंतर आग. ‘लवकर या, सगळं जळतंय’ एवढ्यावर गाडी निघत नाही. कॉलनीचं नाव, गल्ली, ठळक खूण, कितवा मजला, काय जळतंय, आत कुणी अडकलंय का, आणि गाडी कुठल्या बाजूने आत येऊ शकते. सुदामा नगरसारख्या मोठ्या वसाहतीत सेक्टर सांगायला विसरू नका. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका आणि त्यानंतर तो नंबर मोकळा ठेवा, कारण रस्ता विचारायला ड्रायव्हर त्याच नंबरवर फोन करतो. एका माणसाला मुख्य रस्त्यावर पाठवा, रात्र असेल तर टॉर्च देऊन.